उजनीच्या पाण्यावर
प्रवासाची दैनंदिनी : भाग दुसरा

गुरुवार, बारामती

मेहुणे मुंबई-गोवा क्रूझ करून आल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. जहाजातली लिफ्ट, मध्यरात्रीचा बुफे, डेकवरचा तरणतलाव. आज जेवताना मला म्हणाले, "दाजी, तुमच्या बारामतीत बोटीत बसायचं म्हटलं तर कुठं बसणार? कऱ्हेत?" फेब्रुवारीतल्या कऱ्हेत बोट टेकवायलाही पाणी नसतं, एवढं त्यांचं खरं. पण भिगवणच्या दिशेनं पाऊण तास गाडी हाकली की उजनी धरणाचा फुगवटा लागतो, आणि तो पळसदेव, कळाशीवरून इंदापूरच्याही पुढं पसरलेला आहे. उद्यापासून तिथंच.

क्रूझचं तिकीट काढताना माणूस तारीख बघतो. उजनीवर जायचं तर आधी टक्केवारी बघावी. "उजनी आज किती?" हा इकडं चहाच्या टपरीवरचा रोजचा प्रश्न, आणि पेपरात उत्तर छापून येतं. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणात 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या आसपास, मृतसाठा आहे. म्हणून शून्य टक्के झालं तरी समोर अथांग पाणी दिसतं, आणि त्याखाली आकडा वजामध्ये जातो. 2024 च्या उन्हाळ्यात तो वजा साठच्या जवळ गेला होता. धरण काठोकाठ असलं तर रोहित पक्ष्यांना उभं राहायला उथळ चिखल मिळत नाही. ते उशिरा येतात किंवा दुसरीकडं उतरतात. पाणी ओसरलं की चिखलपट्टे उघडे पडतात आणि पक्षी येतात. फारच खाली गेलं की बुडालेली देवळं वर येतात, पण तोवर थंडीचे पाहुणे निघून गेलेले असतात. दोन्ही एकाच सुट्टीत मागू नये. आम्ही पक्षी निवडले.

शुक्रवार, कुंभारगाव

पहाटे पाचला निघालो. मेहुण्यांना हे पसंत नव्हतं. सुट्टीत गजर लावणं त्यांना पाप वाटतं. पण इथं सकाळच खरी. पाणी सपाट असतं, वारा उठलेला नसतो, आणि पुण्याकडच्या गाड्या पोचायच्या असतात. शनिवार-रविवारी काठावर जत्रा भरते, म्हणून जमलं तर मधला वार धरावा.

बोटी मासेमारांच्याच. जाळं टाकणारी पोरं आता पक्ष्यांची नावं मराठीत आणि इंग्रजीत घडाघडा सांगतात. चढण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्याव्यात: दर माणशी की बोटीमागं, किती वेळ, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का. जॅकेट नुसतं अंगावर अडकवू नये, पट्टे ओढून बांधावेत. सौभाग्यवतींनी साडीवर ते घातलं तेव्हा काठावरच्या बायका हसल्या, हसू दे.

थंडी सपाटून असते. टोपी, कानपट्टी, आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. मोठ्या जहाजावर बोट लागते म्हणून मेहुण्यांनी गोळ्या आणल्या होत्या, त्यांची इथं गरज पडत नाही. पाण्यात मात्र हात घालू नये. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथवर येतं; काही ठिकाणी पाणी हिरवं आणि वासाचं आहे. पक्षी दाखवणाऱ्या जाहिरातींत हे नसतं.

आधी वारकरी दिसले, काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे, शेकड्यांनी. मग चक्रवाकांच्या जोड्या, थापट्या बदकं, एका बांबूवर मासा फाडत बसलेली मोरघार. काठाच्या गवतात पट्टकादंब चरत होते. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी हरभऱ्याच्या शेताशेजारी इतका निवांत बसतो की त्याच्या प्रवासावर विश्वास बसत नाही.

रोहित पलीकडच्या उथळात होते. चोच उलटी करून पाणी गाळत, सगळे एकाच दिशेला सरकत. मेहुणे म्हणाले, "अजून जवळ घ्या, उडतानाचा फोटो पाहिजे." नावाडी तरुण होता, पण ठाम होता. "नाही काका. जवळ गेलं की उठत्यात. उठले की त्यांचं खाणं बुडतं, आन् मागच्या बोटीला काय दाखवायचं?" त्यानं मशीन बंद केलं आणि बांबूनं बोट हळूहळू फिरवली, ऊन आमच्या पाठीमागं येईल अशी. या फेरीतली सगळ्यात उपयोगाची सूचना हीच: मशीन बंद करायला सांगा, आणि ऊन पाठीला घ्या. बोट थांबली तशी कळपाची गुणगुण ऐकू आली, आणि दहा मिनिटांनी पक्षी स्वतःच आमच्याकडं सरकले. कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण न्यावी. एक दुर्बीण तिघांत फिरते, मोबाइलमधले लाल ठिपके कोणी परत बघत नाही.

दुपारी भिगवणला मच्छी. चिलापी सगळीकडं मिळते, कारण धरणात तीच माजली आहे. मरळ किंवा वाम आहे का ते विचारावं, आणि असली तर भाव ऐकून दचकू नये. मेहुण्यांनी बुफेचा विषय काढला नाही.

शनिवार, पळसदेव आणि कळाशी

पळसदेव गाव आता पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. जुनं गाव पाण्यात. पळसनाथाचं जुनं देऊळ धरणाच्या पोटात राहिलं. पाणी बरंच उतरलं की ते पुरतं उघडं पडतं, तेव्हा एप्रिल-मेमध्ये लोक भर उन्हात तिथं चालत जातात. आज पाण्यावर शिखर तेवढं होतं, त्यावर पाणकावळे. बघायला चांगलं, पण तेवढ्यासाठी लांबून कोणी येऊ नये. देवळासाठी यायचं तर मेमध्ये, आणि सकाळीच.

सकाळीच, हे मी जोर देऊन लिहितो. कळाशीच्या काठावर उभं राहिलं की समोर करमाळा तालुक्यातलं कुगाव दिसतं. रस्त्यानं मोठा वळसा, म्हणून लोक बोटीनंच ये-जा करायचे. 21 मे 2024 च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीकडं येणारी बोट उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचा वारा सुटतो, आणि एवढ्या रुंद पाण्यावर लाटा बघता बघता उठतात. तेव्हा मार्चनंतर दुपारची बोट घेऊ नये, आभाळ भरून आलं असेल तर दिलेले पैसे सोडून द्यावेत. नावाडी "काही होत नाही" म्हणाला तरी. पलीकडं जाण्यासाठी शिरसोडी ते कुगाव पूल नंतर मंजूर झाला.

काठावर एक आजोबा भेटले. मेहुण्यांनी विचारलं, भीती नाही वाटायची? "बाजाराला जायाचं तर भीती कुठं ठेवायची," म्हणाले आणि तंबाखू मळू लागले. आम्ही बोट घेतली नाही. वारा सुटला होता.

रविवार, नीरा नरसिंहपूर

इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, भीमा आणि नीरा मिळतात तिथं. हे धरणाच्या खाली आहे, त्यामुळे इथलं पाणी म्हणजे सोडलेलं पाणी. सोलापूरला प्यायला नदीतून सोडतात तेव्हा घाट भरतो, एरवी वाळू. आज होतं. लक्ष्मी-नृसिंहाचं दर्शन घेतलं, घाटावर बसलो. सौभाग्यवतींना होडीपेक्षा देऊळ आवडलं. मेहुण्यांनी पुण्याला निघताना मला विचारलं, "मेमध्ये उजनी किती वजा असेल?" मी म्हटलं, पेपर बघत जा.

(पुढील भागात : सुप्याचा माळ, मयूरेश्वर अभयारण्य आणि चिंकारे)