थंडी बघायला परभणीला

आमच्या रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटे उठून पंखा बंद करायचा, एवढंच. त्यामुळे डिसेंबरात वर्तमानपत्रात ‘परभणी गारठली’ अशी बातमी आली की मी ती नीट वाचते. पारा ५ अंशांच्या खाली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच, तरी तिथला किमान आकडा बहुतेक वेळा दोन अंकी. परभणी जेमतेम चारशे मीटरवर, आणि थंडी तिची जास्त. मे महिन्यात हेच गाव ४४ अंशांवर तापतं. चीनमधल्या हार्बिन शहरात लोक जानेवारीत केवळ थंडी बघायला जातात. १९८५ पासून तिथे दरवर्षी बर्फाच्या शिल्पांचा उत्सव भरतो आणि उणे २० अंशांत माणसं हौसेने फिरतात. आपल्या राज्यात थंडीचं गाव म्हणून ज्याचं नाव सारखं छापून येतं, तिथे मात्र फिरायला म्हणून कुणी जात नाही. ही गोष्ट मला बरीच वर्षं खटकत होती. नाताळनंतरची रजा टाकली, पाठीवरच्या सॅकमध्ये दोन स्वेटर, कानटोपी आणि आईची जुनी शाल भरली आणि मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले. एकटीच.

जालना मागे पडल्यावर जाग आली ती पायांना. खिडकीच्या फटीतून येणारा वारा पांघरुणाखाली शिरत होता. सेलू गेलं, मानवत रोड गेलं, आणि उजाडताना परभणी. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांनी पुठ्ठे आणि काटक्या पेटवून शेकोटी केली होती. तोंडाला मफलर गुंडाळलेले, फक्त डोळे दिसत होते.

“कुण्या गावच्या, ताई?”

“रत्नागिरी.”

“इतक्या लांबून? कुणाकडं जायचंय?”

“कुणाकडं नाही. थंडी बघायला आलेय.”

कुणी हसलं नाही. एक जण सरकला, विटेवर जागा करून दिली आणि म्हणाला, “मग बसा की. रिक्षाचं नंतर बघू.” मी तिथेच बसून पहिला चहा प्यायले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कुठून आली यावर त्या शेकोटीपाशी तीन माणसांनी तीन कारणं सांगितली आणि आपापल्या कारणावर तिघेही ठाम होते. नाश्त्याला सुशीला खा, हे मात्र सगळ्यांनी एकमताने सांगितलं. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्यांची फोडणी. आमच्याकडे हा पदार्थ कुणाला माहीत नाही. गरम असतानाच संपवायला हवा, कारण बशी हातात येईपर्यंत निम्मी वाफ निघून जाते.

वर्तमानपत्रातला तो आकडा ज्या वेधशाळेतून येतो ती वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात आहे. विद्यापीठ १९७२ चं. वसंतरावांचं नाव त्याला २०१३ मध्ये मिळालं. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी इथली. पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूला ती दाद देत नव्हती म्हणून शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारीही इथलीच, २०१८ ची. मी गेले ती मात्र पांढरी लाकडी पेटी बघायला. चार पायांवर उभी, चारी बाजूंना झिलमिळ्या, आत तापमापक. साधारण माझ्या छातीच्या उंचीवर. भोवती मोकळी शिवारं. शहराच्या सिमेंटची ऊब इथवर पोचत नाही.

परभणी इतकी का गारठते हे त्या मोकळ्या रानात उभं राहिलं की आपोआप उमगतं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी उष्णता वर सोडून देते आणि ती अडवायला ढगाचा पदर नसतो. त्यात उत्तरेकडून वारे सुरू झाले की पारा उतरतच जातो. आमच्या किनाऱ्यावर दमट हवा हेच पांघरूण. इथे ते नाही.

पण तो आकडा पेटीच्या उंचीवरचा. जमिनीलगत थंडी त्याहूनही जास्त असते. ती बघायची तर रात्री रानात जायला हवं होतं, आणि तो योग त्या शेकोटीमुळेच आला. जागा करून देणाऱ्या दादांची गावाकडे थोडी शेती. गहू आणि हरभरा. “आज रातची लाईट हाय, मला दारं धरायला जायचंय. आईपाशी राहा, पहाटं रानात या,” असं त्यांनी सुचवलं आणि त्यांच्या आईने फोनवर मला आग्रहच केला. मी गेले. धपाटे आणि दही जेवून, दोन गोधड्यांखाली झोपले आणि साडेचारला दादांच्या आईसोबत कंदिलाऐवजी मोबाइलच्या उजेडात बांधावरून चालत निघाले.

ते दृश्य मी विसरणार नाही. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्या आठवड्यात पाळी रात्रीची. म्हणजे मध्यरात्री मोटार चालू करायची आणि सकाळपर्यंत एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवत राहायचं. दादा गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्याला टॉवेल, हातात फावडं. एक दार फोडायचे, दुसरं मातीने लिंपायचे. मी विचारलं, पाय बधिर होत नाहीत का?

“पाण्यात पाय हायेत तवर काही नाही, ताई. विहिरीचं पाणी कोंबट ऱ्हातंय. बांधावर चढलं की जीव जातोय.”

मी बूट काढून सरीत पाय घातला. खरंच, पाणी कोमट होतं. खोल जमिनीतलं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला राहतं, त्याला डिसेंबर कळत नाही. बाहेर पाऊल काढलं आणि ओल्या कातडीवर वारा लागला तेव्हा दादांचं बोलणं पोटऱ्यांतून वर चढलं. त्या ओल्या पायांनी तो माणूस रात्रभर चढउतार करत होता. त्यात अंधारातले साप, रानडुकरं. दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिन्यांची योजना आहे. ती जिथे पोचली तिथल्या शेतकऱ्यांची रात्र सुटली. या शिवारात ती अजून यायची होती. लवकर यावी. गव्हाला थंडी मानवते, हरभऱ्यालाही मानवते, म्हणून ती माणसाने रात्रभर अंगावर घ्यावी असं कुठे आहे?

सूर्य वर आला तरी कापसाच्या रानात कुणी उतरलं नव्हतं. दव सुकल्याशिवाय वेचणी करत नाहीत, बोंडातला कापूस ओला निघतो. बायका बांधावर उन्हाला पाठ करून बसल्या होत्या. तुरीकडे बघून दादांची आई म्हणाल्या, “थंडी पडू दे, पर धुई नगं. फुलोरा गळतोय धुईनं.” थंडी आणि धुकं मी आजवर एकच समजत होते. त्यांच्या हिशेबात एक लेकीसारखी, दुसरी वैरीण.

दुपारी शेजारच्या रानात हुरडा झाला. ज्वारीची कणसं दुधाळ आणि पिठूळ यांच्या मधल्या अवस्थेत असताना तोडायची. हे दिवस थोडेच असतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजायचं आणि गरम असतानाच तळहातांवर चोळायचं. माझ्या हाताला सोसेना, म्हणून एक आजोबा चोळून देत होते. तळहात त्यांचे काळे, राखेने माखलेले. फुंकर मारली की फोलपटं उडायची आणि हिरवे, ओलसर, गोड दाणे उरायचे. सोबत जवसाची चटणी आणि गूळ. रब्बीची ज्वारी आता पूर्वीइतकी पेरली जात नाही, असं आजोबांनी सांगितलं. काढणीला माणूस मिळत नाही आणि भावही नाही. ज्वारी गेली तर हुरडाही जाईल, कडबाही जाईल आणि कडब्यावरची जनावरंही, हे त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं.

वालूरला जायचं ते पहाटेच, हे विहिरीच्या पाण्याने मला शिकवलं होतं. सेलू तालुक्यातल्या या गावात एक बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ न उतरता गोल फिरत, शंखासारख्या खाली जातात. अशा बारवा फार कमी. ती गाळाने आणि झुडपांनी भरली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. काळीपिवळीने पोचले तेव्हा उजाडत होतं. वरच्या पायरीवर शाल घट्ट ओढून उभी होते. पाचसात पायऱ्या उतरल्यावर वारा थांबला, आणखी खाली गेल्यावर शाल सैल केली. तळाशी पाण्यावरून पांढरी वाफ उठत होती. पाण्यात हात घातला, पुन्हा तोच कोमटपणा. दगड मात्र बर्फासारखे. शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांना उन्हाळ्यातलं पाणी हवं होतं हे पुस्तकात वाचलेलं; हिवाळ्यात ही जागा अंगाला ऊब देते हे कुठे वाचलं नव्हतं. पाणी न्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, “एकट्याच फिरायल्या का?” हो म्हटल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या आणि मी निघेपर्यंत उठल्या नाहीत.

चारठाण्याला घाईत गेले, त्याची हळहळ नाही कारण तिथे पुन्हा जायचं आहेच. जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव यादवकाळातल्या देवळांनी भरलेलं आहे. घरांच्या भिंती आणि देवळांच्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या. उघड्यावर उभ्या असलेल्या एका उंच, कोरीव स्तंभाभोवती साधी फरशी आणि एक माहितीचा फलक तरी असावा. जिल्ह्यात इतकं वैभव आणि बसस्थानकावर त्याची एक ओळ नाही. मुंबईच्या माणसाने वेरूळ बघून परत न फिरता पुढे का यावं, याचं उत्तर कुणी त्याला दिलेलंच नाही.

नेमगिरीवर मात्र वेळ दिला. जिंतूरपासून तीनेक किलोमीटर, पायीच गेले. डोंगरात जैन लेणी आहेत. गुहांची दारं इतकी ठेंगणी की वाकून, जवळजवळ बसूनच आत जावं लागतं, आणि आत मान वर केली की समोर भलीमोठी मूर्ती. नेमिनाथांची बैठी मूर्ती अशीच अचानक अंगावर येते. पार्श्वनाथांची एवढी जड मूर्ती खाली एका लहानशा दगडावर टेकलेली. म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. बाहेर झोंबरा वारा, आत हवा स्थिर. एवढ्या मोठ्या मूर्ती एवढ्याशा दारांतून नेल्या कशा, हे मी पुजाऱ्यांना विचारलं. “नेल्या नाहीत, बाई. डोंगरातच होत्या. दार मागून आलं,” ते म्हणाले. त्यांची श्रद्धा असेल ती असो, उत्तर मला आवडलं.

शेवटी गंगाखेड. जनाबाईंचं गाव. गोदावरीच्या घाटावर पहाटे माणसं स्नानाला उतरत होती, आणि आता मला नवल वाटलं नाही: नदीवर वाफ होती. म्हाताऱ्या बाया पाण्यातून बाहेर आल्या की कुडकुडत जनाबाईंच्या मंदिराकडे झपाझप निघायच्या. दळण, कांडण, शेण, पाणी अशा कामांतून जिने अभंग उभे केले तिचं देऊळ अशाच पहाटे बघावं. मी सभामंडपात बराच वेळ बसले. शेजारी एक आजी वाती वळत होत्या. त्यांनी मला न विचारता आपल्या घोंगडीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं.

गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या कोप्या लागलेल्या होत्या. पाचट आणि काठ्यांचे त्रिकोणी आडोसे, वरून प्लास्टिक. सकाळचे सहा, आणि आतली बाजेवरची पोरं अजून गोधडीत, आईबाप मात्र पहाटे तीनपासून फडात. एक मोठी मुलगी, दहाअकराची असेल, धाकट्याला काखेत धरून चूल पेटवत होती. शाळा कुठे आहे विचारलं तर म्हणाली, “गावाकडं. इथं नाही.” साखरेचा हंगाम आणि शाळेचं वर्ष एकाच वेळी चालतात, हंगामाला आईबाप निघाले की शाळा सुटते. पोरांना गावीच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं असतात. तिला ते मिळालेलं नव्हतं. मी सॅकमधला दुसरा स्वेटर काढला. तिने आधी धाकट्याच्या अंगाला लावून पाहिला, मोठा झाला, मग स्वतः घातला आणि बाह्या वर दुमडून पुन्हा फुंकणी हातात घेतली.

तेवढ्यात फडातून तिची आई आली, डोक्यावर उसाची मोळी. तिला मी थंडीचं विचारलं.

“थंडी कशाची, ताई? मोळी डोक्यावर आली की घाम फुटतोय. थंडी वाजती ती ट्रॅक्टरची वाट बघत बसलं की.”

आणि ट्रॅक्टर आलाच. मुकादमाने हाक मारली, बायका मोळ्या घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढू लागल्या. त्या बाईंनी जाताजाता लेकीला स्वेटर कुणाचा म्हणून विचारलं, उत्तर ऐकलं, माझ्याकडे वळून हात जोडले आणि रांगेत आपली जागा धरली.