गुरुवारचा डाव

पाच-तीन-दोनला तीनच माणसं पुरतात, म्हणून वृद्धाश्रमात पत्त्यांची सुरुवात मी त्या डावाने केली. मेंढीकोटला चौघं लागतात, जोडीदार सांभाळावा लागतो. एकाला डुलकी लागली की चौघांचा डाव मोडतो. इथे पानं तीस, प्रत्येकाला दहा. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, पाचवाल्याने पहिली पाच पानं बघून हुकूम बोलायचा, आणि ज्याचे हात जास्त झाले त्याने पुढच्या डावात कमी पडलेल्याची पानं ओढायची. खरा रंग भरतो तो या ओढण्यात.

तात्यांना कंपवात आहे. हातात पानं धरली की ती थरथरून खाली पडतात आणि पडताना सगळ्यांना दिसतात. म्हणून ते लांब बसून बघायचे. आमच्या गल्लीतल्या सुताराने हातभर लाकडी पट्टीला तिरपी खाच पाडून दिली. त्या खाचेत पानं उभी राहतात, उतारीला एक बोट पुरतं. मोठ्या आकड्यांचा जोडही आणला. तात्या खेळायला बसले आणि दुसऱ्याच डावात त्यांनी अण्णांकडून ओढलेलं पान निघालं हुकमाचा एक्का. अण्णा संध्याकाळच्या चहापर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. मुलाचा फोन आला नाही यापेक्षा वेगळ्या कारणाने रुसलेलं माणूस मी तिथे प्रथमच पाहत होते. मला फार बरं वाटलं.

सांगलीजवळच्या या वृद्धाश्रमात मी दर गुरुवारी दुपारी जाते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर जायला लागले, त्यामुळे सगळे मला ‘बाई’ म्हणतात. दुपारी दोन ते चार हा तिथला सगळ्यात अवघड वेळ. जेवणं आटोपलेली, चहा यायचा असतो, टीव्ही चालू असतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. करमणुकीचे कार्यक्रम तिथे पूर्वीही होत. कोणाच्या वाढदिवसाचं फळवाटप, शाळेच्या मुलांचा नाच, एखादं भजनी मंडळ. मुलं आली की सगळ्यांचे चेहरे उजळतात, ते खरंच आहे. पण या सगळ्यात आजी-आजोबांनी करायचं काय, तर रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या आणि हात पुढे करून घ्यायचं. ज्यांनी दुकानं चालवली, शेतं कसली, दहा माणसांचा स्वयंपाक रोज रेटला, त्यांना उरलेलं आयुष्य नुसतं घेत बसायला लावणं मला पटत नाही.

फुग्याचा खेळ सगळ्यात स्वस्त. समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा, मध्ये ताणून बांधलेली जुनी साडी, आणि एक फुगा. चेंडू अंगावर येतो, फुगा तरंगत येतो. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तो दिसायला आणि आखडलेल्या खांद्याला वर उचलायला वेळ मिळतो. खुर्च्या हातांच्या आणि न सरकणाऱ्या हव्यात, कारण फुगा डोक्यावरून गेला की माणूस वय विसरून उठतो. खांदा दुखतो म्हणून व्यायामाला कायम नकार देणाऱ्या नानी फुगा परतवताना कानाच्या वर हात नेतात.

एक हेडमास्तर मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, मी काय बालवाडीत आहे?” त्यांचं बरोबर होतं. खेळ सोपा असावा, पण समोरच्याला लहान मूल समजून दिलेला नसावा. आणि तो कसा दिला गेलाय हे खेळणाऱ्यालाच कळतं. मी आग्रह केला नाही. ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतील का, एवढं विचारलं. तेव्हापासून अग्रलेख त्यांचा. वाचून झाल्यावर प्रश्नही तेच विचारतात.

ही नकाराची सोय फार महत्त्वाची आहे. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहाची गोष्ट प्रसिद्ध केली. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, तुमच्या खोलीचं, वेळेचं तुम्ही ठरवा. हे रोप निवडा आणि त्याला पाणीही तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि आनंदी दिसली. मी ते वाचलं आणि चिठ्ठ्या सुरू केल्या. आज काय खेळायचं, ते डब्यातली चिठ्ठी ठरवते. चिठ्ठ्या त्यांनीच लिहिलेल्या असतात. त्यात ‘आज काही नको’ अशीही एक आहे. ती निघाली की आम्ही खरंच काही करत नाही.

माईंना स्मृतिभ्रंश आहे. जेवण झालं का, हे त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या पलंगावर चादरीची जाड घडी घालून मी सागरगोटे ठेवले. त्यांनी ते थोडा वेळ मुठीत नुसते खुळखुळवले. मग एक वर उडाला, खालचा उचलला गेला, आणि वरचा झेलला गेला. हाताला लहानपणी लागलेली सवय आठवणींपेक्षा जास्त टिकते. माईंबरोबर खेळताना मी शेजारून हलत नाही, कारण मध्येच एखादा सागरगोटा तोंडाकडे जातो.

अशा माणसांशी बोलताना “आठवतं का?” हा प्रश्न मी सोडून दिला आहे. नाही आठवलं तर त्यांचा चेहरा पडतो. त्याऐवजी “तुमच्या वाड्यात रेडिओ कोणाकडे होता?” असं विचारावं. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा अण्णा शाळकरी होते. गाणं लागायच्या आधी शेजारच्या ओसरीवर जागा धरायला ते सतरंजी घेऊन पळायचे. हे ऐकल्यावर नानींना त्यांच्या गावचा रेडिओ आठवला, आणि त्या दुपारी बाकी कशाचीच गरज पडली नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो बापूंचा खेळ. बापूंनी आयुष्यभर अडत दुकानात दिवाणजीपण केलं. पूर्वी बाजारात सौदे रुमालाखाली होत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचे, आणि भोवतीच्या गर्दीला आकडा कळायचा नाही. गाण्याच्या भेंड्या चालू असताना बापू कंटाळून टॉवेल झटकत होते. मी सहज विचारलं, ते सौदे कसे करायचे? त्यांनी तोच टॉवेल माझ्या हातावर टाकला. जितकी बोटं धरली तितका आकडा. शेकडा की दहा, ते आधी कानात ठरवून घ्यायचं.

आता आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगांचा बाजार भरतो. प्रत्येकाला सारख्या शेंगा मिळतात, बापू एकेक वस्तू काढतात: कंगवा, उदबत्तीचा पुडा, गुळाचा खडा. बोली टॉवेलखाली लागते. आणि इथे एक गोष्ट झाली ती मी आधी कल्पिली नव्हती. आक्कांना अजिबात ऐकू येत नाही. भेंड्यांच्या वेळी त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. टॉवेलखाली ऐकायचं काहीच नसतं. जन्मात कधी बाजारात सौद्याला न गेलेल्या आक्का समोरच्याच्या डोळ्यांत बघत एकेक बोट सोडतात आणि भाव पाडतात. बापू म्हणतात, “ही बाई आमच्या पेढीवर हवी होती.” मी ते पाटीवर लिहून आक्कांना दाखवलं. त्यांनी पाटी घेतली आणि खाली लिहिलं, “पगार किती?”

अश्विनात भोंडला होतो तो खुर्च्यांवर बसूनच, पाटावरच्या हत्तीभोवती. खिरापत मऊ लागते आणि दोन-तीन जणांसाठी बिनसाखरेची. डबा हलवून ती ओळखायला पुरुषही येतात. अण्णा झाकणाला नाक लावतात, यावर बायकांची दरवर्षी तक्रार असते.

सध्या ५ नोव्हेंबरची तयारी चालली आहे. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. सांगलीच्या माणसांना तो असा तसा जाऊ देता येत नाही. नाटक पाठ करायचं नाही, वाचायचं. संहिता मोठ्या अक्षरांत छापून घेतली आहे. दिग्दर्शन हेडमास्तरांकडे आहे आणि तालमी त्यांनी सोमवारी, बुधवारी ठेवल्या आहेत, म्हणजे मी नसते त्या दिवशी. आक्का संवादांच्या ओळींवर बोट फिरवून वाचणाऱ्याला कुठे थांबायचं ते खुणेने सांगणार आहेत. मला पडदा ओढायचं काम मिळालं आहे. त्याची दोरी डावीकडून बांधायची की उजवीकडून, यावर तात्या आणि बापू यांचं अजून एकमत झालेलं नाही.