राजवाड्याच्या मागची वाट

सहलीचा विषय निघाला की आमच्या धर्मग्रामात ठरलेली तीनच नावे पुढे येतात. वेलंकनी, जुने गोवे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेले एखादे उद्यान. पहिल्या दोहोंना वडीलधाऱ्यांचा कौल असतो, तिसऱ्याला तरुणांचा. यंदाच्या पावसाळ्यात ज्येष्ठांच्या मंडळापुढे आम्ही चौथे नाव ठेवले, पुण्याचा आगाखान राजवाडा. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एका आजींनी अदबीने विचारले, "फादर, तिथे कुठल्या संताचं चर्च आहे?"

चर्च नाही. परंतु त्या जागेशी आमची ओळख जुनी आहे. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरी 1893 साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झाली आणि 1955 मध्ये पुण्यास आली. आमचे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचे अध्ययन तेथेच झाले. रविवारी दुपारी मोकळीक मिळाली की आम्ही चारदोघे सहाध्यायी पायीच आगाखान राजवाड्याकडे निघत असू. खिशात पैसे नसत, आणि सावली फुकट मिळे. खरे सांगायचे तर, त्या काळी आम्हांस इतिहासापेक्षा तेथील झाडांचेच आकर्षण अधिक होते.

हा राजवाडा 1892 साली सुलतान महंमद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी बांधविला. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या गावकऱ्यांच्या हाताला काम मिळावे, हा त्यामागील हेतू होता असे सांगतात. एकोणीस एकरांचा परिसर, त्यात ती कमानींची भव्य वास्तू, भोवती फिरणारा रुंद व्हरांडा आणि पुढे दूरवर पसरलेली हिरवळ. दुष्काळग्रस्तांना भाकरी देण्यासाठी उभा राहिलेला राजवाडा, ही कल्पना आमच्या मंडळातील शेतकरी आजोबांना फार आवडली. "म्हणजे रोजगार हमीच की!" असे ते म्हणाले.

पुढे पन्नास वर्षांनी हाच राजवाडा तुरुंग झाला. 'चले जाव'च्या ठरावानंतर 9 ऑगस्ट 1942 रोजी गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि त्यांना येथे आणण्यात आले. महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन हेही येथेच होते. कस्तुरबा दोन दिवसांनी आल्या. भोवती काटेरी तारांचे कुंपण आणि सशस्त्र पहारा. महादेवभाईंचा जन्मही 1892 चाच. राजवाडा आणि हा मनुष्य एकाच वयाचे. अटकेनंतर आठवडा उलटण्यापूर्वीच, 15 ऑगस्ट रोजी, हृदय बंद पडून ते गेले. सरकारने देह बाहेर जाऊ दिला नाही. गांधीजींनी आपल्या या पुत्रवत् सचिवाला स्वतःच्या हातांनी अखेरचे स्नान घातले आणि राजवाड्याच्या आवारातच दहन झाले. त्यानंतर सुटकेपर्यंत त्या जागी फुले वाहण्याचा नेम चालला. दीड वर्षाने त्याच्याच शेजारी दुसरी चिता रचली गेली, ती कस्तुरबांची. आज राजवाड्याच्या मागे त्या दोन समाध्या जवळजवळ आहेत. पुढील उद्यान राजाचे आहे, पण मागचा हा कोपरा मात्र शोकाचा आहे.

सहलीची आखणी करताना नेमका येथेच वाद झाला. मंडळाच्या एका उत्साही कार्यकर्त्याने आम्हांस बाजूला घेऊन म्हटले, "फादर, यादीतली निम्मी माणसं विधुर नाहीतर विधवा आहेत. रोज संध्याकाळी दफनभूमीत मेणबत्त्या लावतात. वर्षातून एक दिवस त्यांना हसूखेळू द्या. तुम्ही त्यांना पुन्हा समाधीपुढेच उभं करता!" त्यांची सूचना अशी की हिरवळ पाहावी, कमानींखाली छायाचित्रे काढावीत, दालने पाहावीत, आणि मागच्या वाटेने जाऊच नये.

हा आक्षेप प्रेमापोटी आला होता, म्हणून आम्ही तो आठवडाभर मनात वागविला. मात्र तो आम्हांस पटला नाही. जे रोज मेणबत्ती लावतात त्यांच्यापासून आपण नेमके काय लपविणार? म्हातारपणी माणसाला मृत्यूचे भय वाटते त्याहून अधिक, त्याविषयी आपल्याशी कोणी बोलत नाही याचा एकाकीपणा जाणवतो, असे इतक्या वर्षांच्या घरभेटींतून आमच्या ध्यानी आले आहे. शिवाय तो कोपरा वगळून राजवाडा पाहणे म्हणजे नुसती चौकट पाहून घरी येणे. कमानी सुंदर आहेत, नाही असे नाही. तशा कमानी अन्यत्रही पाहावयास मिळतात.

याच सुमारास एक आजोबा आमच्याकडे आले. त्यांच्या संमतीने हे येथे लिहितो. मागील उपवासकाळात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अखेरीस डॉक्टरांनी कृत्रिम श्वासाच्या यंत्राविषयी विचारले तेव्हा आजोबांनी नको म्हटले आणि बाईंना घरी आणले. तीन दिवसांनी, आपल्या खाटेवर, मुलानातवंडांच्या प्रार्थनेत त्या गेल्या. थोरला मुलगा तेव्हापासून वडिलांशी नीट बोलत नाही. पोप बारावे पायस यांनी 1957 सालीच डॉक्टरांपुढील भाषणात सांगितले होते की असाधारण उपाय योजण्याचे बंधन रुग्णावर नाही. हे आम्ही आजोबांना दोनदा समजाविले आहे. ते मान हलवितात. पण शिकवण कळणे निराळे आणि झोप लागणे निराळे.

त्यांना आम्ही बांच्या अखेरच्या दिवसाची हकिकत सांगितली. 22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्र. बा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. धाकटे पुत्र देवदास यांच्या खटपटीने कोलकात्याहून विमानाने पेनिसिलिन आले होते. ते औषध त्या काळी नवे आणि दुर्मिळ. ठरावीक तासांनी पुनःपुन्हा सुई टोचावी लागेल हे कळताच गांधीजींनी नको म्हटले, आता तिला शांतपणे जाऊ द्यावे म्हणून. देवदास विनवीत राहिले. त्याच सायंकाळी पतीच्या मांडीवर बांनी देह ठेवला. गांधीजींचा निर्णय योग्य होता की अयोग्य यावर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही त्या वादात पडत नाही. पेनिसिलिन आणि श्वासाचे यंत्र या दोन गोष्टी एकच आहेत असेही आम्ही आजोबांना सांगितले नाही. सांगितले ते इतकेच की दुसऱ्या दिवशी चिता विझत येईपर्यंत तो वृद्ध पती तेथून हलला नाही. लोकांनी विश्रांती घेण्याचा आग्रह केला, तरी साठ वर्षांहून अधिक काळाची सोबत अशी सोडून त्याला जाववेना.

आजोबांनी ऐकून घेतले. मग विचारले, "फादर, त्या मुलाने पुढं बापाशी बोलणं टाकलं का?"

नाही. बांच्या चितेला अग्नी देवदासांनीच दिला आणि पितापुत्रांचे नाते अखेरपर्यंत टिकले. एवढे उत्तर आमच्यापाशी होते. आजोबांनी पुढे काही विचारले नाही.

तेव्हा बेत पक्का झाला तो असा. महिना नोव्हेंबरचा. ख्रिस्तसभेत तो मृतांच्या स्मरणाचा महिना आणि पुण्यात तेव्हा पावसानंतरची हिरवळ अजून ताजी असते, ऊन सोसवते. वार रविवार नाही, कारण रविवारी आम्हांस गाव सोडता येत नाही आणि तेथे गर्दीही फार. पहाटे साडेचारला बस, वाटेत लोणावळ्यास नाश्ता आणि (हे महत्त्वाचे) स्वच्छतागृह. मधुमेही मंडळींनी औषधे हाताशी ठेवावीत, वरच्या फळीवर नव्हे. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी अर्थातच येणार. ती बाहेर कोठेतरी सावलीत बसून खायची. आवारात डबे उघडावयाचे नाहीत.

बहुतेक पाहुणे आधी दालने पाहतात आणि दमल्यावर मागे जातात, किंवा जात नाहीत. आम्ही क्रम उलटा ठेवला आहे. पाय ताजे असताना प्रथम समाध्या, मग राजवाडा. राजवाड्यात बांची खोली आवर्जून पाहावी. त्या वयातही येथे पतीकडून त्या धडे घेत आणि मीराबेनबरोबर कॅरम खेळत, हे ऐकून आमच्या आजीमंडळींचे चेहरे खुलले. तुरुंगात कॅरम! शेवटी तासभर हिरवळीवर नुसते बसणे. त्या तासात कोणीही, आम्हीसुद्धा, भाषण करणार नाही.

समाधीपाशी जपमाळ म्हणावी, असा काहींचा आग्रह होता. जपमाळ बसमध्ये होईल. तेथे मौन, आणि ज्याने त्याने आपापल्या माणसाचे नाव मनात घ्यावे. एक गीत मात्र हळू आवाजात होईल. गांधीजींना प्रिय असलेले 'लीड, काइंडली लाइट' हे कार्डिनल न्यूमन यांचे. न्यूमन 2019 साली संत म्हणून घोषित झाले, त्यामुळे मंडळींना ते आपलेच वाटते; त्यांनी ते 1833 मध्ये रचले तेव्हा ते अजून अँग्लिकन होते, ही आठवण आम्ही कोणाचा विरस न करता दिली आहे.

यादी आमच्या टेबलावर आहे. बसमध्ये तीन जागा उरल्या आहेत. आजोबांनी नाव दिले, पैसे भरले, घाटात मळमळते म्हणून पुढची खिडकीजवळची जागा मागून घेतली. मुलाचे नाव अद्याप यादीत नाही. जाताना दारातून ते परतले आणि समाधीपाशी पायांतले काढावे लागते का, असे विचारू लागले. काढावे, असे आम्ही म्हटले.

"मग बूट नको," ते म्हणाले, "वाकायला त्रास होतो. चपला घालून येतो."