आमच्या राज्याचा जमाखर्च

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आम्हां चौघां मित्रांच्या मनांत एक कल्पना आली, आणि तेव्हांपासून भूगोलाच्या तासासही आमचें चित्त ठिकाणावर राहीना. इंटरनेटवर एकाच वेळीं हजार माणसांस खेळतां येईल असा खेळ तयार करावयाचा. त्यांत सह्याद्रीचे सारे किल्ले असावेत, प्रत्येक खेळाडू एकेका किल्ल्याचा किल्लेदार व्हावा, आणि त्यांच्यांत व्यापार, तह व लढाया चालाव्यात, असा तो बेत होता. शंभर पानी वहीचीं साठ पानें आम्हीं तटबुरुजांच्या नकाशांनीं भरून काढलीं. पैशांच्या विचारासाठीं मात्र शेवटचें अर्धें पान ठेविलें.

तें अर्धें पानही मोठ्या उत्साहानें भरलें. सन २००९ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या किकस्टार्टरवर अनेकांनीं खेळ तयार होण्यापूर्वींच लोकांकडून वर्गणी जमविली, हें आमच्या वाचनांत आलें होतें. मग आम्हींच कां मागें राहावें? शंभर रुपये देणारास खेळांत प्रथम प्रवेश, अशी चिठ्ठी लिहून देऊन आम्हीं २३ जणांकडून २३०० रुपये गोळा केले. त्यांत पांचवींतला एक लहानगा होता. त्यानें मातीचा गल्ला फोडून नाणीं आणून दिलीं.

सुटींत कामास लागलों. खेळ रचण्याचें साधन फुकट मिळालें. गोडो हें साधन २०१४ पासून सर्वांस मोफत खुलें आहे. तटावर एक शिपाई चालूं लागला, तो दिवस आम्ही विसरणार नाहीं. परंतु तोच शिपाई दुसऱ्याच्या घरच्या संगणकावर त्याच क्षणीं चालतांना दिसावा, हें काम निराळें. त्यासाठीं मध्यें एक सर्व्हर लागतो. कोण कोठें उभा आहे, कोणाजवळ किती धान्य आहे, ह्याची खरी नोंद त्याच्यापाशीं असावी लागते. खेळाडूच्या संगणकानें सांगितलेलें सारें खरें मानलें, तर लबाडी करणारास रान मोकळें. हा सर्व्हर भाड्यानें घ्यावयाचा, आणि खेळावयास हजार येवोत कीं एकही न येवो, भाडें दरमहा द्यावेंच लागतें.

१९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्यानें 'मड' नांवाचा, केवळ अक्षरांनीं चालणारा, अनेकांनीं मिळून खेळावयाचा खेळ रचण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल ह्यानें तो पुढें नेला. ही हकीकत आम्ही एकमेकांस अभिमानानें सांगत असूं. त्यांच्यापाशीं विद्यापीठाचा संगणक होता, एवढी गोष्ट मात्र आम्हीं वाचून सोडून दिली होती.

एके सायंकाळीं आमच्यांतील एकाच्या आईनीं ती वही चाळली. त्या बचत गटाचा हिशेब ठेवतात. नकाशांचें त्यांनीं कौतुक केलें, मग शेवटचें पान उघडून विचारलें, "बाळांनो, पहिल्या महिन्याचें भाडें लिहिलेंत, दुसऱ्या महिन्याचें कोण देणार? आणि खेळ झालाच नाहीं, तर ह्या तेवीस जणांना काय सांगाल?" आम्ही चौघेही खालीं पाहूं लागलों. खेळाच्या नांवाची इंटरनेटवर नोंदणी व एका महिन्याचें भाडें ह्यांत ७०० रुपये तोंवर संपले होते.

शाळा उघडली तेव्हां पैसे परत करण्यास आरंभ केला. तूट भरून काढण्यासाठीं रद्दी विकली, खाऊचे पैसे साठविले. तरी गणेशोत्सव उजाडला. मोठ्या मुलांनीं हंसून पैसे घेतले. त्या लहानग्यानें मात्र ते मोजलेही नाहींत. "मग खेळ होणार नाहीं का, दादा?" एवढेंच त्यानें विचारलें. पैशाचें देणें फिटलें. ह्या प्रश्नाचें देणें अंगावर राहिलें.

तें फेडावयाचें म्हणून आम्हीं नवी वही घेतली व तिचा आरंभ जमाखर्चानें केला. २०१८ सालीं निघालेला 'अमंग अस' हा खेळ मूठभर माणसांनीं केला होता. प्रारंभीं एका डावांत दहांहून अधिक खेळाडू नसत. २०२० मध्यें तो जगभर गाजला, परंतु तोंवर त्याला फारसे कोणी विचारीत नव्हतें. असा उपेक्षेचा काळ झेपेल एवढेंच राज्य आपण मांडावें, असें आम्हीं ठरविलें. हजारांचे दोन खेळाडू केले, आणि किल्ल्यांच्या जागीं वाघबकरीचा पट मांडला. एकानें चाल करावी, मग दुसऱ्यानें. त्यामुळें निरोप पोहोंचण्यास क्षणभर उशीर झाला तरी डाव बिघडत नाहीं, आणि लहानसा सर्व्हरही पुरतो. सहा महिन्यांचें भाडें स्वतःच्या पैशांतून बाजूस ठेविल्यावांचून कोणासही बोलवावयाचें नाहीं, हा नियम वहीच्या पहिल्या ओळींत लिहिला.

नाताळच्या सुटींत पहिला डाव झाला. लहानगा आजोळीं होता, आम्ही येथें. तीनदां मध्येंच संबंध तुटला. चौथ्या वेळीं त्याच्या बकऱ्यांनीं आमचे वाघ कोंडून टाकले, आणि पुन्हां खेळूं या म्हणून त्यानें लगेच फोन केला.

सह्याद्रीचे किल्ले जुन्या वहींत जपून ठेविले आहेत. त्यांचा दिवस येईल तेव्हां येवो. तूर्त दरमहाचें भाडें वेळेवर जात आहे, कोणाचें देणें नाहीं, आणि डाव चालू आहे.