शेवटचा राक्षस

दारव्ह्याला मामाकडे मे महिन्यात दुपारी कुणी घराबाहेर पडत नसे. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, बाहेर पांढरं पडलेलं ऊन आणि टीव्हीसमोर आम्ही चार भावंडं. गेमची कॅसेट लागली नाही की बाहेर काढायची, तिच्या पोटात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. मग मारिओ धावू लागे.

१९८५ साली जपानमध्ये निघालेल्या त्या खेळात आठ जगं आणि प्रत्येक जगाच्या शेवटी एक किल्ला. सात किल्ले जिंकूनही राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असे. त्या सातांमधले राक्षस नकली. आगीचे गोळे मारून पाडले की सोंग उतरे आणि खालून भलताच किरकोळ प्राणी निघे. खरा राक्षस बाउझर, तो आठव्यात. तिथली वाट भूलभुलैयाची. चुकीच्या पाइपात शिरलो की पुन्हा मागे. शेवटी लाव्ह्यावरचा पूल, तोंडातून आग सोडत हातोडे फेकणारा तो, आणि त्याच्या पाठीमागे पुलाचं टोक तोडणारी कुऱ्हाड.

पण आमच्यासाठी त्याच्याही आधी लाइन उभी असे. अर्ध्या वाटेवर वीज जायची. पडदा एका पांढऱ्या ठिपक्यात मिटायचा आणि कूलरचा पंखा थोडा वेळ तसाच फिरत राहायचा. त्या कॅसेटमध्ये खेळ साठवायची सोय नव्हती. लाइन आली की पुन्हा पहिलं जग, पहिली वीट. दुरून शकुंतला रेल्वेची शिटी ऐकू यायची आणि आम्ही अंधारात बसून कुठल्या पाइपातून कुठे निघायचं ते घोकत असू. बाउझर आम्हांला एवढा मोठा वाटायचा तो यामुळेच. त्याच्या दारापर्यंत दर वेळी पायी जावं लागे.

कॉन्ट्रा हा दुसरा खेळ त्याहून कठीण. तिथे शेवटी राक्षस नव्हता, धडधडणारं काळीज होतं. पण त्यासाठी मामेभावाकडे मंत्र होता: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव मिळत. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी माणसाचा. ग्रॅडियस हा खेळ तपासताना तो त्याला स्वतःलाच जड गेला, म्हणून त्यानं ही चोरवाट ठेवली. २०२० साली तो गेला, तेव्हा माझी बोटं आपोआप हलली.

दिवाळीत मामा आम्हांला वावरात न्यायचे. एकदा पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एक फूल दाखवून ते म्हणाले, "हे पाय, पाकळ्या उमलल्या नाहीत. डोमकळी आहे ही. आत अळी बसली." शेकडो फुलांत त्यांना तेवढं एकच दिसलं होतं. मी बाउझरकडे तसं बघायला त्यांच्याकडून शिकलो. तो उडी कधी मारतो, खाली यायला किती वेळ घेतो, तेवढंच बघायचं. त्याला मारावंच लागत नाही. तो वर असताना खालून सुटायचं आणि कुऱ्हाड गाठायची. तो नियम कधी मोडत नाही. इतका प्रामाणिक शत्रू मला पुढे कुठे भेटला नाही.

आज दारव्ह्यातली पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळतात. शंभर जण उतरतात आणि शेवटी समोर उरतो तोही कुणीतरी पोरगाच. तो खेळही चांगला आहे. पण ज्याची चाल वर्षभर मनात घोळवावी असा कुणी त्यात राहत नाही.

एका संध्याकाळी लाइन टिकली. दादा ओरडला, "अबे, पय खालून!" आणि मी पळालो. पूल कोसळला, बाउझर लाव्ह्यात गेला. राजकन्येनं आभार मानले आणि बी दाबायला सांगितलं. दाबला तर पुन्हा पहिलंच जग आलं, फक्त चिरडता येणाऱ्या बुटक्यांच्या जागी आता टणक पाठीची कासवं चालत होती.