सात छिद्रे आणि एक सुरी

च्वांग-त्झूच्या ग्रंथातील सातव्या प्रकरणाच्या अखेरीस एक लहानशी कथा येते. दक्षिण समुद्राचा राजा शू आणि उत्तर समुद्राचा राजा हू हे मधल्या प्रदेशाचा राजा हुंदुन याच्याकडे वारंवार भेटत. हुंदुन म्हणजे आकार न घेतलेली मूळ अखंडता. त्याच्या आतिथ्याची परतफेड कशी करावी, याचा दोघांनी विचार केला. पाहणे, ऐकणे, खाणे, श्वास घेणे यांसाठी माणसाला सात छिद्रे असतात. यालाच ती नाहीत. दोघे रोज एक छिद्र पाडू लागले. सातव्या दिवशी हुंदुन मेला.

साहित्य शिकवणाऱ्या आम्हांला ही कथा अस्वस्थ करते, कारण तिच्यात दुष्ट कोणीच नाही. मारणारे कृतज्ञ आहेत. शिवाय ‘शू’ आणि ‘हू’ ही चिन्हे एकत्र आली की चिनी भाषेत ‘झटकन’ असा अर्थ होतो. कवितेविषयी प्रेम असते म्हणूनच आम्हीही तिला प्रतिमा, आशय, रचना, विचारसरणी अशी छिद्रे पाडतो. आणि तास संपण्याची घाई असतेच.

ताओचे एकत्व आपल्याकडे लगेच अद्वैताच्या खाती जमा होते. तिथे थोडे थांबावे. ‘ताओ-ते-चिंग’च्या ८१ प्रकरणांपैकी ४२व्या प्रकरणात ताओपासून एकत्व, मग द्वैत, मग त्रित्व आणि शेवटी अवघी सृष्टी असा उत्पत्तिक्रम आहे. शांकर वेदान्तात अनेकत्व हा अध्यास ठरतो. येथे तसे नाही. यिन आणि यांग ही दोन्ही खरीच आहेत, आणि प्रत्येक वस्तू त्या दोहोंना एकत्र वागवते. भेद कायम ठेवूनही पूर्णत्व राहू शकते, हे ताओचे म्हणणे.

म्हणूनच च्वांग-त्झूच्या तिसऱ्या प्रकरणातील स्वयंपाकी दिंग आम्हांला जवळचा वाटतो. बैल कापण्याची त्याची सुरी १९ वर्षांनंतरही नव्यासारखी धारदार आहे, कारण ती हाडावर आपटत नाही. सांध्यांतील मोकळ्या जागेतून जाते. अवघड सांधा दिसला की तो हात सावकाश करतो.

हुंदुनला सांधे नव्हते, कवितेला असतात. ओळ कोठे तुटते, शब्द कोठे थबकतो, कवी कोठे गप्प राहतो, तेथून आत शिरता येते. त्या जागा सापडेपर्यंत वर्गात थोडा वेळ कोणी काही बोलले नाही, तरी तो तास वाया गेला असे आम्ही समजत नाही.