कोल्हापूर बघायचं तर

आमच्या भागात कोल्हापूरला कुणी 'फिरायला' जात नाही. कोल्हापूरला 'जाऊन यायचं' असतं, आणि त्यातल्या 'येण्यावर' सगळा जोर असतो. आमचं गाव कळ्याच्या पलीकडं, गगनबावड्याच्या रस्त्याला. सकाळची पहिली एस.टी. धरायची, काम उरकायचं आणि शेवटच्या गाडीनं घर गाठायचं. काम म्हणजे कोर्टाची तारीख, दवाखाना, गुळाची पट्टी, लग्नाचा बस्ता, नाहीतर पोराचा दाखला. कोल्हापूर बघायला म्हणून गेलेला माणूस माझ्या लहानपणी गावात एकही नव्हता. आणि तरी विचाराल त्याला कोल्हापूर ठाऊक असायचं.

आता पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि दोन दिवसांत काय काय बघता येईल ते विचारतात. मी सांगतो, पण माझं सांगणं त्या जाऊन येणाऱ्या माणसांकडनं आलेलं आहे.

पहिली गोष्ट, जुनं कोल्हापूर पायांनी बघायचं. मोटार बाहेर कुठंतरी लावून टाका. आमच्या गाड्या रंकाळा स्टँडला यायच्या. तिथनं गंगावेस, पापाची तिकटी, महाद्वार रोड, देऊळ, भवानी मंडप आणि मग खासबाग, हे सगळं चालत होतं. वेशीचा दरवाजा कधीच गेला, नाव राहिलं. तीन रस्ते मिळतात ती तिकटी. ही दोन नावं कळली की निम्मा पत्ता कळला. नवा राजवाडा मात्र लांब, कसबा बावड्याच्या वाटेला. तिथं रिक्षानं नाहीतर के.एम.टी.नं जायचं. मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं आखलेला हा वाडा १८८४ साली पुरा झाला. आत वस्तुसंग्रहालय आहे, त्याला निवांत वेळ द्या. जोतिबा आणि पन्हाळ्याला एक अख्खा दिवस वेगळा ठेवा.

वाट चुकली तर विचारायला लाजू नये. कोल्हापूरचा माणूस मोठ्यानं बोलतो, त्यामुळं परगावच्याला वाटतं भांडण निघालं. भांडण नसतं. "काय पावनं, कुठं निघालायसा?" म्हणून तोच आधी विचारेल आणि काम सोडून तिकटीपर्यंत सोबत येईल.

अंबाबाईचं दर्शन पहाटे घ्यावं. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र म्हणजे रांगच रांग. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातनं आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी तोंडावर. ढग आले तर काही दिसत नाही, तरी माणसं हात जोडून थांबतात. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. आवारात घटकाभर टेका. टेकायचं का, ते मला आईमुळं कळलं.

कोल्हापूरला जायचं त्या दिवशी आई सकाळपासून पाणी प्यायची नाही. चहासुद्धा अर्धा कप. मला वाटायचं, देवीला जाते म्हणून उपास असेल. पुढं थोरल्या बहिणीनं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. दिवसभर शहरात राहायचं तर बाईमाणसानं आडोशाला जायचं कुठं? गडीमाणसाला भिंत चालायची. बाईनं कुणाला विचारायचं? बस्त्याला गेलेल्या चार-पाच बायका भर चैत्रात दुकानातल्या गादीवर बसून लुगडी उलगडून बघायच्या. दुकानदार पाण्याचा तांब्या पुढं करायचा. एकेक जण म्हणायची, "नगं, तान न्हाई." तांब्या भरलेला तसाच परत जायचा. तहान सगळ्यांनाच असायची. शेवटची गाडी घरी पोचेपर्यंत ती दाबून ठेवायची, एवढंच. काम आटोपलं की आई म्हणायची, "जरा देवळात टेकू या." गरुडमंडपाच्या सावलीला ती पाय पसरून बसायची. सगळ्या शहरात तिला कुणी 'इथं का बसलाय' असं न विचारणारी तेवढी एकच जागा होती.

म्हणून घरातल्या बायका, म्हातारी माणसं बरोबर असतील तर माझं सांगणं असं, की आधी सोय बघायची आणि मग दर्शन. उतरायची जागा स्टँडजवळ किंवा देवळाजवळ घ्या. मधे परत येऊन तासभर पडता आलं पाहिजे. यादीतलं एखादं ठिकाण राहिलं तरी चालेल. आईसारखं कोरड्या घशानं शहर बघायला लागू नये.

गावाकडच्या माणसाला बसायला, टेकायला जागा देणं हे या शहराला एरवी ठाऊक नव्हतं असं नाही. उलट, तेच तर इथं बघण्यासारखं आहे. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलं. आखाडा खोलगट आणि बैठक चढत गेलेली, म्हणजे शेवटच्या ओळीतल्या फेटेवाल्यालाही डाव तेवढाच दिसतो. मैदानाला लागून १९१५ सालचं नाट्यगृह, पुढं त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा माणसं रस्त्यावर उभी राहून रडली.

दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून भोवती बघा. जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर आधी शहरात राहायला जागा पाहिजे, हे ओळखून १९०१ पासून अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. अशाच एका बोर्डिंगात मी चार वर्षं राहिलो. कुस्तीवाल्या पोरांना गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमी. घरनं दर आठवड्याला तूप, बदाम, पीठ यायचं आणि वस्तादाच्या धाकात पोरं वाढायची. आबा गुळाचे रवे घेऊन यायचे तेव्हा अडत्याच्या पेढीवरच झोपायचे. गुळाच्या वासानं झोप लागते गाढ, असं ते म्हणायचे.

आणि भाऊसिंगजी रोडनं जाताना गंगाराम कांबळ्यांची आठवण ठेवा. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' त्याचं नाव. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः हॉटेलापुढं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. शहरात कुणी कुठं काय प्यावं याचा विचार इथं असा झाला होता. माझ्या आईची तहान तेवढी कुणाच्या हिशेबात आली नाही.

आता खाण्याचं. सकाळी मिसळ. इथं तिच्याबरोबर ब्रेडच्या स्लाइस मिळतात. कट आधी थोडाच घ्या. लागेल तसा परत वाढतात. तोंड भाजलं म्हणून रुसू नये. दुपारी मटणाचं ताट. पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा, तांबडा भाकरीबरोबर खायचा. पांढऱ्यात मटणाचं अळणी पाणी आणि नारळाचं दूध, तो पोटाला आधी शांत करतो. संध्याकाळी गंगावेशीला दूधकट्ट्यावर जा. म्हस समोर पिळतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. मिशीला फेस लागला तर पुसायची घाई करू नका. चप्पल घ्यायची तर चप्पल लाइनला, पायात जरा घट्टच बसेल अशी घ्या. चामडं वापरानं सैल होतं.

पावसाळ्यात येणार असाल तर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारत जा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आमच्याकडं हा आकडा शाळकरी पोरालाही पाठ. पाणी चढलं की गगनबावड्याचा रस्ता बंद होतो आणि 'जाऊन यायचं' म्हणून आलेला माणूस शहरातच अडकतो.

असाच एका ऑगस्टात रस्ता बंद झाला आणि दवाखान्याला आलेली आई माझ्या भाड्याच्या खोलीवर चार दिवस राहिली. तेव्हा ती साठीला आली होती. खोलीला स्वतःची मोरी होती, संडास होता. पहिल्या संध्याकाळी पाऊस उघडला तसं तिला रंकाळ्यावर नेलं. चाळीस वर्षं तिनं तो एस.टी.च्या खिडकीतनंच बघितला होता. काठावर बसली, भेळ खाल्ली, तिखट लागली म्हणून पाणी मागितलं. तांब्याभर पाणी तिनं सावकाश, घोट घोट करत संपवलं. मग समोर बघत म्हणाली, "लई मोठा हाय रं. गाडीतनं एवढा दिसत न्हवता."

पाहुण्यांना मी शेवटी रंकाळ्यावरच नेतो. सहाच्या सुमाराला स्टँडवरनंच जातो. पिशव्या सांभाळत गाडीकडं धावणाऱ्या बायका तिथं अजून दिसतात. त्यांना वाट देऊन मग पुढं व्हायचं.